ब्रॉडबँड घेण्यापूर्वी वापराचा हिशेब मांडा

घरी ब्रॉडबँड घ्यायचे ठरले की पहिली चौकशी होते ती वेगाची. वस्तुतः आधी विचारायला हवे ते हे, की आपल्या घरात महिन्याकाठी किती डेटा खर्च होतो? हा आकडा हाती असला, म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरचे एडीएसएल, केबल किंवा फायबर यांतील निवड बरीच सोपी होते.

वेग वाढला, मर्यादा लवकर संपली

केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएस हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरविला. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ ही एडीएसएल सेवा सुरू केली. तिच्या दरमहा २५० रुपयांच्या योजनेत ४०० एमबी डेटा मिळे. २५६ केबीपीएस वेगाने तासाला सुमारे ११५ एमबी डेटा उतरतो. म्हणजे सलग साडेतीन तासांत महिन्याची शिदोरी संपे आणि पुढच्या प्रत्येक एमबीला वेगळे पैसे पडत. २००७ च्या प्रारंभी वेग २ एमबीपीएसपर्यंत, म्हणजे आठपट वाढविण्यात आला. मर्यादा मात्र आठपट वाढली नाही. पूर्ण वेगाने एक जीबी संपायला तासाभराहून थोडाच अधिक वेळ पुरू लागला. वेगाकडे पाहून योजना घेणाऱ्यांना बिलाचा धक्का बसला, तो यामुळेच.

दोन तारांमधील फरक

एडीएसएलची तांब्याची जोडतार एक्स्चेंजपासून थेट आपल्या घरी येते. शेजाऱ्याच्या वापराचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. परंतु एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढेल तसा वेग घटतो. त्यामुळे जुन्या गावठाणात चांगली चालणारी सेवा शहराच्या कडेच्या नव्या वसाहतीत रखडू शकते. अपलोडचा वेगही बेताचाच असतो.

केबलची क्षमता गल्लीतील अनेक घरांत वाटली जाते. दुपारी ती वेगवान वाटते, तर रात्री आठनंतर मंदावू शकते. शिवाय वाटेतील अॅम्प्लिफायरना वीज लागते. भारनियमनाच्या काळात आपल्या घरी दिवे असूनही, पलीकडच्या भागात वीज गेली की केबल बंद पडण्याची शक्यता असे.

आजचे गणित

तांब्याच्या तारेची जागा आता बहुतांशी फायबरने घेतली आहे. ‘अमर्याद’ म्हणविणाऱ्या अनेक योजनांमध्येही ‘रास्त वापरा’ची अट असते. फायबरवर ती बहुधा महिन्याला ३,३०० जीबी, तर वायरलेस घरगुती योजनांत अनेकदा १,००० जीबीच्या आसपास असते. ती ओलांडल्यावर वेग एकदम खाली येतो.

चौघांच्या कुटुंबाचा हिशेब करून पाहू. एचडी चित्रफितीला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. रोज चार तास धरल्यास महिन्याचे ३६० जीबी. व्हिडिओ कॉलला तासाला अंदाजे एक जीबी धरला, तर रोज सहा तासांप्रमाणे २२ दिवसांचे १३२ जीबी. मोबाइल, अपडेट आणि इतर किरकोळ वापराचे ६० जीबी. एकूण सुमारे ५५० जीबी. अशा कुटुंबाने केवळ अधिक मर्यादेसाठी महागडी योजना घेण्याचे कारण नाही. मात्र ४के चित्रपट रोज पाहिले जात असतील वा सीसीटीव्हीचे चित्रण सतत क्लाउडवर जात असेल, तर हा आकडा झपाट्याने वाढतो.

निवड करताना

राउटरवर किंवा कंपनीच्या अॅपवर मागील तीन महिन्यांचा वापर पाहा आणि त्यांतील सर्वाधिक आकडा धरा. मर्यादा त्याच्या दीडपट असली तरी पुरेशी समजावी. घरून काम करणाऱ्यांनी अपलोडचा वेग वेगळा विचारावा. केबल घ्यायची असल्यास त्याच इमारतीतील ग्राहकाकडे रात्री नऊच्या सुमारास वेग तपासावा. ईमेल आणि बातम्यांपुरताच वापर असेल व दूरध्वनीची जुनी तार सुस्थितीत असेल, तर घाईने बदल करण्याची गरज नाही. वर्षभराचे पैसे आगाऊ भरण्याआधी महिनाभराची योजना घेऊन पाहणे केव्हाही श्रेयस्कर. मर्यादा संपल्यानंतरचा वेग किती, हे मात्र लेखी विचारून घ्यावे.