गॅदरिंगचं कूळ

उमरग्याच्या शाळेत गॅदरिंग कधी घ्यायचं हे मुख्याध्यापकांच्या आधी येळवस ठरवते. मार्गशीर्षातली ही अमावास्या डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कुठंही पडते. २०२४ सालात तर ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडचं सगळं माणूस शेतात असतं. कडब्याची कोपी, तिच्यात पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. शहरात गेलेली पोरंसुद्धा गावाकडं परत येतात. अशा दिवशी स्टेजवर नाच ठेवला तर समोर खुर्च्याच बसतील. म्हणून आधी येळवस बघायची, मग ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, १२ला जिजाऊ आणि विवेकानंद, १४ची संक्रांत, २६चं झेंडावंदन, आणि दहावीची सराव परीक्षा. या सगळ्यांच्या मधल्या फटीत एक आठवडा बसवायचा.

त्या आठवड्याचा क्रम तालुक्यातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत फारसा बदलत नाही. सुरुवातीला मैदानी खेळ, मग रांगोळी, चित्रकला, विज्ञान प्रदर्शन, एक दिवस आनंदनगरीचा, एक शेलापागोट्यांचा, हस्तलिखिताचं प्रकाशन, एक रात्र विविध गुणदर्शनाची, आणि शेवटी पाहुणे, शाल-श्रीफळ, बक्षिसं. हे सगळं जणू शाळेबरोबरच जन्माला आलं असं वाटावं इतकं ते सवयीचं झालंय. प्रत्यक्षात त्यातला जवळजवळ प्रत्येक दिवस वेगळ्या घरातून आलेला आहे.

बक्षिसाच्या दिवसापासून सुरू करू, कारण तो वयानं सगळ्यांत मोठा. त्याचं मूळ शोधत गेलं की पुण्याच्या विश्रामबागवाड्यापाशी येऊन थांबावं लागतं. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली, पुढं पेशव्यांनी चालवली. शास्त्री येत, विद्या दाखवत, योग्यतेप्रमाणे रक्कम घेऊन जात. पेशवाई बुडाली तेव्हा हा पैसा एकदम बंद करणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. त्यातला भाग काढून त्यांनी ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढं त्याच निधीतून मराठी पुस्तकांना पारितोषिकं देण्याचीही सोय झाली. विद्येला जाहीरपणे काही द्यायचं, आणि ते चार लोकांसमोर द्यायचं, ही रीत अशी राजवाड्यातून शाळेत आली.

मुंबईकडं तेव्हा दुसरं काही घडत होतं. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळांची वार्षिक परीक्षा जाहीर होई. गव्हर्नर किंवा दुसरा कुणी बडा साहेब खुर्चीत, शहरातले शेट-सावकार समोर, आणि त्यांच्या देखत मुलांना प्रश्न. उत्तरं ऐकून झाली की तिथंच बक्षिसं. परीक्षा आणि समारंभ तेव्हा एकच होते, हे आपण विसरलो आहोत.

या दोन्ही धारा एकत्र आल्या त्या पुन्हा त्याच वाड्यात. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारनं जोतीराव फुल्यांचा विश्रामबागवाड्यात शालजोडी देऊन सत्कार केला. ज्या दक्षिणेत शूद्रातिशूद्रांना आणि बायकांना कधी वाटा नव्हता, तिच्याच वाड्यात ही शाल एका माळ्याच्या खांद्यावर पडली. तीन महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १८५३ला, फुल्यांच्या मुलींच्या शाळांची तिथं जाहीर परीक्षा झाली. २३७ मुली परीक्षेला बसल्या होत्या. बघायला आत-बाहेर मिळून तीनेक हजार लोक लोटले असं म्हणतात. मुली खरोखर वाचतात का हे डोळ्यांनी पाहायला आलेली ती गर्दी होती. या शाळांच्या अशाच एका बक्षीस समारंभातली आठवण प्रसिद्ध आहे: एका मुलीनं पाहुण्यांना सांगितलं की आम्हाला खेळणी-खाऊ नको, शाळेला ग्रंथालय द्या. आजच्या सूत्रसंचालकाच्या कागदावर असं काही बोलायला जागाच नसते.

पुढं मॅट्रिक आली, बोर्ड आलं, परीक्षा बंद लिफाफ्यात गेली. समारंभ मागं राहिला. परीक्षक म्हणून आलेले लोक टाळ्या वाजवायला उरले. आमच्याकडचा दहावीच्या गुणवंतांचा गौरव हा त्या जाहीर परीक्षेचाच अर्धा तुकडा आहे. मधली काही दशकं त्याला बोर्डाच्या गुणवत्ता यादीनं मोठी झळाळी दिली. लातूर पॅटर्नचा डंका वाजत होता आणि शेजारच्या उमरग्यालाही त्याची झळ लागत होती. यादी बंद झाली, तशी शाळांनी फ्लेक्सवर फोटोंची संख्या वाढवली.

गॅदरिंग हे दुसरं घराणं, कॉलेजचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत आजी-माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा जमायचं, जेवायचं, नाटक करायचं अशी चाल पडली. इंग्रजी अंमलातल्या हायस्कुलांनी ती उचलली, कारण हायस्कुलातले मास्तर त्याच कॉलेजांतून आलेले. नाटकाची हौस तर होतीच. शेक्सपिअर आणि संस्कृत नाटकं आधी विद्यार्थ्यांनी केली, धंदेवाईक मंडळी आजूबाजूला वाढत होती, आणि १८९३-९४ नंतर गणपतीतल्या मेळ्यांनी लहान मुलांनाही रांगेत उभं राहून गायला, संवाद म्हणायला शिकवलं. शाळेच्या गुणदर्शनात आज जो समूहगीत-नाटुकलं-नाच असा क्रम दिसतो, तो मला कॉलेजपेक्षा मेळ्याच्या जास्त जवळचा वाटतो.

पण ही सगळी पुण्याची गोष्ट झाली. उमरगा पुण्याच्या राज्यात नव्हतं.

सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. तिथं मराठी मुलाला प्राथमिकच्या पुढं शिकायचं तर उर्दूतून शिकावं लागे. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूचंच. स्वतःची शाळा काढायची तर सरकारची परवानगी, आणि १९२९च्या गश्ती नंबर ५३नं जाहीर सभेलाही आधी परवानगी लागू झाली. आता विचार करा, स्नेहसंमेलन म्हणजे काय? बाहेरचा वक्ता बोलवायचा, गाव गोळा करायचं, व्यासपीठावरून बोलायचं. नेमक्या याच गोष्टींवर हैदराबाद सरकारचा डोळा होता. पुण्यातल्या मास्तरला गॅदरिंगसाठी प्राचार्यांची सही पुरे, मराठवाड्यातल्या मास्तरच्या मागं मात्र पोलिसपाटलापासून अव्वल तालुकदारापर्यंतची सगळी उतरंड होती.

तरी शाळा निघाल्या. उमरग्याच्या शेजारी, आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली. कामगार चळवळीत ना. म. जोशींबरोबर काम केलेले व्यंकटेश खेडगीकर तिथं १९२९ला शिक्षक म्हणून आले. हेच पुढं स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परग्यात त्यांनी मुलं घडवली, १९३५ला ते अंबाजोगाईला योगेश्वरीच्या शाळेत गेले, आणि १९३८च्या सत्याग्रहापासून स्टेट काँग्रेसचे नेते म्हणून सगळ्या संस्थानाला ठाऊक झाले. अशा शाळेत मुलानं उभं राहून मराठीत भाषण करणं याला वक्तृत्व स्पर्धेच्या पलीकडचं वजन होतं. आज मराठवाड्यात वक्तृत्वाच्या बक्षिसाला चित्रकलेपेक्षा जरा वरची खुर्ची मिळते, तिचं कारण मी इथं शोधतो. १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनाला आपल्याकडच्या शाळांत जितकी भाषणं होतात, तितकी पुण्याकडं कुठल्या दिवशी होत असतील असं वाटत नाही. त्यातही उमरग्याचं पोरगं गुंजोटीच्या हुतात्मा वेदप्रकाशांचं नाव घेतल्याशिवाय खाली बसत नाही.

उमरग्याची सुटका तशी चार दिवस आधीच झाली. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य नळदुर्ग, जळकोट ओलांडून उमरग्यापर्यंत आलं. गावात रझाकारांनी प्रतिकार केला, तो मोडला. सैन्यानं इथं तळ टाकला आणि दुसऱ्या दिवशी राजेश्वरकडं कूच केलं. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तसे तिकडचे अभ्यासक्रम आणि तिकडच्या चाली इकडं आल्या. गॅदरिंग त्यातलंच एक. म्हणजे पुण्याच्या मानानं आपल्याला ते पाऊणशे वर्षं उशिरा मिळालं.

उशिरा आलं म्हणून ते जसंच्या तसं मात्र राहिलं नाही. औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५०ला काढलेल्या, पुढं मिलिंद नावानं ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयात मुलांनी म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ रंगवलं, ते बघायला खुद्द बाबासाहेब होते. कॉलेजच्या स्टेजवर राजा-राणीच्या जागी शंबूक, एकलव्य अशी माणसं आली. मराठवाड्यातल्या शाळांची नाटुकली त्यानंतर फार काळ जुन्या साच्यात राहणं शक्य नव्हतं.

आणि खेड्यातल्या माध्यमिक शाळेनं त्याला आणखी एक घर दिलं, ते म्हणजे सप्ताह. या घराण्याचा उल्लेख कुणी करत नाही, आणि माझ्या मते आमच्या गॅदरिंगचा खरा बाप तोच आहे.

अखंड हरिनाम सप्ताह मराठवाड्यात गावोगाव असतो. उमरगा, मुरूम, लोहारा या पट्ट्यात लिंगायत समाज मोठा, त्यामुळं शिवनाम सप्ताह आणि मन्मथस्वामींच्या परमरहस्याचं पारायणही तितकंच. सात दिवसांचा ठरलेला क्रम: पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन नि महाप्रसाद. प्रत्येक दिवसाच्या पंगतीचा अन्नदाता वेगळा, त्याचं नाव पत्रिकेत आणि लाऊडस्पीकरवर. कामं वाटलेली, मांडव वर्गणीचा.

आता शाळेचा आठवडा शेजारी ठेवून बघा. इंग्रजी कॉलेजचं गॅदरिंग एका संध्याकाळचं किंवा दोन दिवसांचं, आमचं मात्र आठवडाभर पसरतं. शेवटचा दिवस काल्याचा असतो तसा बक्षिसांचा, आणि त्यानंतर गोड जेवण. पंगतीला अन्नदाते असतात तसे बक्षिसांना दाते. निमंत्रणपत्रिकेची मांडणीसुद्धा सप्ताहाच्या पत्रिकेसारखी: मान्यवरांच्या नावांची लांबच लांब रांग, खाली समस्त ग्रामस्थ. पुण्याहून आलेला नवा रिवाज गावानं अंगावर घेतला तो आपल्या ओळखीच्या अंगरख्यात. गावकऱ्याला पोराचं गॅदरिंग समजावून सांगावं लागलं नाही, कारण मांडव, वर्गणी, सात दिवस आणि शेवटी जेवण हे त्याला आधीच ठाऊक होतं. सुरुवातीला संबळ वाजतो, तुळजाभवानीचा गोंधळ किंवा जोगवा होतो, मध्येच एखादं कानडी गाणं, एखादी कव्वाली. सीमेवरच्या गावाला हे शोभतंही. रेकॉर्ड डान्सचं तेवढं मला सोसत नाही. भाड्याची ड्रेपरी आणि बाहेरून आणलेला नाच बसवणारा आला की मुलांच्या अंगातलं काही वर येत नाही, मोबाइलमधलंच पुन्हा दिसतं.

दात्यांचा विषय निघालाच आहे तर ठेवींबद्दल सांगायला हवं. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावची संस्कृतची शिष्यवृत्ती १८६६पासूनची. तिच्याच वळणावर गावोगावच्या शाळांत ठेवी ठेवल्या गेल्या: कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ, गणितात पहिल्या येणाऱ्यास. मुद्दल बँकेत, व्याज बक्षिसाला. ठेव ठेवली तेव्हा त्या व्याजात चांगलं पितळी भांडं यायचं. आता ती रक्कम जाहीर करताना शिक्षक जरा घाईनं पुढं सरकतात. पण नाव दर वर्षी वाचलं जातं, आणि दात्याच्या घरचं कुणीतरी ते ऐकायला येऊन बसलेलं असतं.

खेळाचं घराणं धाराशिवला वेगळ्याच तऱ्हेनं फळलं. खो-खोचे नियम १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले. खेळाला लागतात दोन खांब आणि मोकळी जागा, आणि दुष्काळी जिल्ह्यात मोकळ्या जागेला तोटा नाही. याच जिल्ह्याच्या सारिका काळे २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या कर्णधार होत्या, २०२०ला त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना लागला की आमच्याकडं मैदानाच्या कडेला बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहतात, आणि फुकटचा सल्लाही देतात.

सगळ्यांत धाकटी आहे आनंदनगरी. तिचं दुसरं नाव खरी कमाई, आणि ते स्काउट-गाईडकडून आलंय. मुलानं स्वतः काम करून चार पैसे मिळवायचे, ही मूळ कल्पना. शाळांनी तिचा बाजार केला, आणि तो बाजार मला सगळ्या आठवड्यात उजवा वाटतो. इथं पाहुणे नाहीत, भाषण नाही. सातवी-आठवीची पोरं-पोरी भेळ, वडापाव, आप्पे, इडली घेऊन बसतात. येळवस नुकतीच झाली असेल तर एखादीची आई भज्जीचं पातेलंच पाठवते आणि ते पहिल्या तासात रिकामं होतं. घासाघीस करणारे शिक्षकच असतात, दहाचं आठला मागतात. उधारी मागणारा दहावीचा दादा असतो. संध्याकाळी गणिताचे सर प्रत्येकाकडून वहीत लिहून घेतात: साहित्याचा खर्च किती, विक्री किती, उरलं किती. ज्याचा तोटा झाला त्याला सगळ्यांसमोर विचारतात, का झाला. पोरगं उभं राहून सांगतं: शेव जास्त आणली, लिंबं महाग पडली, शेजारच्यानं भाव पाडला. सर पुढचा प्रश्न विचारतात, आजूबाजूला उभे असलेले आईबाप कान देऊन उत्तर ऐकतात.