ठरलेली वाट आणि मोकळे रान

व्हिडिओ खेळांचे आज दोन मोठे वर्ग मानले जातात. एकात कथेची वाट आधीच आखलेली असते; एक टप्पा पार केल्यावाचून दुसरा उघडत नाही. दुसऱ्यात डोंगर, नद्या व नगरे यांनी भरलेले एक जगच खेळणाऱ्यापुढे मांडलेले असते आणि कोठे, केव्हा जावे हे त्याचे त्याने ठरवावयाचे असते. पहिल्यास रेषाबद्ध, तर दुसऱ्यास मुक्तजगाचा किंवा 'ओपन वर्ल्ड' खेळ म्हणतात. हा भेद संगणकाने निर्माण केला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यास हुमनाबादचा परिसर मोठा उपयोगी पडतो.

हुमनाबादच्या पश्चिमेस, त्याच बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. चालुक्यांची कल्याणी ती हीच. तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२६ ते ११३८ या काळात येथून राज्य केले. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाची रचना ११२९ च्या सुमारास झाली. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, या त्यातील उल्लेखामुळे मराठी अभ्यासकांस तो विशेष परिचित आहे. शंभर अध्यायांच्या या ग्रंथातील अखेरचे वीस अध्याय क्रीडांस वाहिलेले आहेत.

त्या विसांत पाशक, म्हणजे फाशांचा खेळ आहे. सोंगट्यांचा मार्ग ठरलेला. दान पडेल तितके पुढे सरकावयाचे. कोणती सोंगटी हलवावी, एवढेच खेळणाऱ्याच्या हाती. परंतु त्याच मालिकेत भूधरक्रीडा, वनक्रीडा, वालुकाक्रीडा व ज्योत्स्नाक्रीडा याही आहेत. डोंगर, उपवन, वाळू आणि चांदणे यांतील हा विहार होय. येथे पट नाही, घरे नाहीत. दोन्ही प्रकारांस ग्रंथकाराने एकाच सदरात स्थान दिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावे सांगितला जाणारा मोक्षपट हा तर रेषाबद्ध खेळाचा निर्भेळ नमुना. तेथे निवडीस वावच नाही. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो. मार्ग एकच असल्यामुळे प्रत्येक खेळणाऱ्यास तोच धडा मिळतो, हेच त्याचे सामर्थ्य. पुढे सापशिडीत घरांवरील नावे जाऊन नुसते आकडे उरले. वाट राहिली, तिचा अर्थ मात्र गेला.

संगणकाच्या युगात जपानच्या शिगेरू मियामोतो यांनी या दोन्ही वाटा जवळजवळ एकाच वेळी चोखाळल्या. निन्टेन्डो कंपनीच्या १९८५ मधील 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात नायक उजवीकडे धावत राहतो. मागे पडलेला भाग पडद्यावर पुन्हा येत नाही. १९८६ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' मध्ये मात्र नकाशाभर हिंडून गुहा धुंडाळावयाच्या असतात. बालपणी सोनोबेच्या डोंगररानात केलेल्या भटकंतीचा आनंद या खेळात उतरल्याचे मियामोतो यांनी सांगितले आहे. कल्याणीच्या भूधरक्रीडेशी त्याचे नाते सहज ध्यानी येते. उलट, पुण्यात तयार होऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला 'राजी' हा खेळ आखलेल्या वाटेनेच जातो. हिरावलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या बहिणीची ती कथा आहे, आणि कथेस क्रम हवाच.

तेव्हा मुक्त तो श्रेष्ठ व रेषाबद्ध तो कनिष्ठ, असा निवाडा उतावळेपणाचा ठरेल. राजाचे उपवनही कोणा माळ्यानेच लावलेले असते. मुक्तजगातील प्रत्येक टेकडी रचनाकाराने योजून ठेवलेली असते. एका प्रकारात तो क्रम ठरवितो, दुसऱ्यात सीमा ठरवितो. पूर्ण स्वातंत्र्य कोणताच खेळ देत नाही. मुलांच्या हाती खेळ देणाऱ्या पालकांनी म्हणूनच दोन गोष्टी पाहाव्यात. वाट आखलेली असेल, तर ती कोठे नेते? आणि रान मोकळे असेल, तर हिंडून शोधावे असे तेथे काय ठेवले आहे?