नाकातून डोळ्यात

1896 सालच्या मे महिन्यात ‘न्यूयॉर्क मेडिकल जर्नल’मध्ये विल्यम बेट्स या नेत्रवैद्याचा एक लेख छापून आला. जनावरांच्या मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क त्याने रुग्णांच्या डोळ्यांत घालून पाहिला होता. लालभडक डोळा काही मिनिटांत पांढराफटक पडत होता. लाली घालवण्यासाठी आज औषधाच्या दुकानात ज्या बाटल्या मिळतात, त्यांचा मूळपुरुष हा अर्क. बेट्स मात्र आठवला जातो तो वेगळ्याच कारणासाठी. 1920 मध्ये त्याने एक पुस्तक स्वखर्चाने छापले आणि व्यायामाने चष्मा सुटतो असे सांगत राहिला. आपल्याकडच्या शिबिरांत तळहातांनी डोळे झाकून बसवतात, तो त्याचाच व्यायाम. चष्म्याच्या दाव्याला शास्त्राचा आधार कधी मिळाला नाही. अर्काचे निरीक्षण टिकले, त्याचे श्रेय मात्र बेट्सला फारसे कोणी देत नाही.

तो अर्क काय करत होता? डोळ्याच्या पांढऱ्या भागावर नेत्रश्लेष्मलेचा पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. एरवी ते डोळ्यांत भरत नाही. धूळ, धूर, जागरण, पोहण्याच्या तलावातले क्लोरीन, परागकण, जंतू यांपैकी कशानेही डोळा चिडला की त्या वाहिन्या फुगतात आणि जाळे लाल दिसू लागते. वाहिन्यांच्या भिंतींत स्नायू असतात. ग्रंथींच्या अर्काने ते आवळले जातात, रक्त मागे हटते आणि खालचा पांढरा रंग पुन्हा दिसतो. डोळा ज्याने चिडला, ती धूळ किंवा तो जंतू जिथल्या तिथे असतो. पुढच्या सव्वाशे वर्षांत औषधे बदलली, बाटल्या बदलल्या, ही गोष्ट काही बदलली नाही.

लाल डोळ्यांवरची औषधे बेट्सच्या आधी नव्हती असे नाही. आपल्या वैद्यांकडे दारुहळदीचा काढा आटवून केलेले रसांजन होते. उत्तरेत त्यालाच रसौत म्हणतात. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याने भारतातून येणाऱ्या ‘लिशियम’ नावाच्या औषधाचे गुण लिहून ठेवले होते. ते औषध म्हणजे हे रसौतच, असे सहारनपूरच्या सरकारी बागेची व्यवस्था पाहिलेल्या जॉन फोर्ब्स रॉयल यांनी 1833 मध्ये मांडले. दारुहळदीचा पिवळा रंग बर्बेरिनचा. एकोणिसावे शतक संपता संपता शिकागोत दोघा डॉक्टर भावांनी ‘म्युरीन’ नावाचे डोळ्यांचे थेंब विकायला काढले, तेही बर्बेरिनच्याच नावावर. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रयोगशाळेने ते तपासले, तेव्हा बाटलीत मुख्यतः टाकणखाराचे पाणी आणि नावापुरते बर्बेरिन निघाले. खप काही त्यामुळे थांबला नाही. या जुन्या औषधांचा गुण असलाच तर जंतू रोखण्याचा किंवा स्तंभनाचा. मिनिटाभरात वाहिन्या आवळणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. म्युरीनच्या वंशातल्या एका बाटलीत पुढे टेट्राहायड्रोझोलिन आले, म्हणजे या घराण्यानेही शेवटी बेट्सच्याच वंशाशी सोयरीक जुळवली.

बेट्सच्या अर्कातले द्रव्य जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1901 पर्यंत स्फटिकरूपात वेगळे करून दाखवले आणि डेट्रॉईटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ‘अ‍ॅड्रेनलिन’ नावाने ते बाजारात आणले. शस्त्रक्रियेत रक्त कमी वाहावे म्हणून डॉक्टर ते सर्रास वापरू लागले. घरगुती वापराला मात्र ते गैरसोयीचे होते. परिणाम लवकर ओसरे आणि हवा लागली की द्रावण आधी गुलाबी, मग तपकिरी पडे. डोळ्यांचे औषधच लाल होत असेल तर ते विकायचे कसे?

यानंतर ही कथा डोळा सोडून नाकात शिरते, आणि बराच काळ तिथेच रमते. सर्दीत नाक चोंदते तेही आतल्या वाहिन्या फुगल्यामुळेच. नाक मोकळे करणाऱ्या औषधाला गिऱ्हाईक अफाट होते. लाल डोळ्यांसाठी कोणी संशोधनावर पैसा ओतला असता असे मला वाटत नाही. चीनमधल्या ‘मा हुआंग’ या झुडपातून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये इफेड्रिन वेगळे केले होते. पेकिंगमध्ये काम करणाऱ्या चेन आणि श्मिट यांनी 1924 मध्ये त्याचे अ‍ॅड्रेनलिनसारखे गुण दाखवून दिले, आणि इफेड्रिन नाकाच्या थेंबांत आले. मागोमाग फेनिलेफ्रिन आले. मोठे वळण आले ते बाझेलच्या सिबा कंपनीत. तिथे इमिडाझोलिन नावाच्या पाच अणूंच्या कड्याला वेगवेगळे शेपूट जोडून पाहणे चालले होते. 1940 च्या दशकात त्यातले नॅफॅझोलिन ‘प्रायव्हिन’ या नावाने नाकासाठी विकले जाऊ लागले. अंश टक्का औषधानेही नाक मोकळे होई आणि काही तास मोकळे राही. लोक खूश झाले. ओट्रिव्हिनमधले झायलोमेटाझोलिन आणि नॅसिव्हिऑनमधले ऑक्सिमेटाझोलिन ही याच कड्याची पुढची अपत्ये. आपल्या घरांत ही दोन नावे नवी नाहीत.

दोष कळायलाही वेळ लागला नाही. 1945 मध्येच अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात इशारा छापून आला: प्रायव्हिन वारंवार वापरणाऱ्यांची नाके औषधानेच चोंदत आहेत. औषध उतरले की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणे. तरीही हेच द्रव्य आणि त्याची भावंडे नंतर डोळ्यात घालायला दिली गेली, आणि तीही जास्त दिवस लाली लपवू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला. मला या कुळकथेतली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते.

टेट्राहायड्रोझोलिन जन्मले कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावच्या साह्यून लॅबोरेटरीज या लहानशा संस्थेत. त्याचे एकस्व 1950 च्या दशकाच्या मध्याचे. फायझरने ते आधी नाकासाठी ‘टायझिन’ म्हणून विकले आणि 1958 च्या सुमारास ‘व्हायझिन’ म्हणून डोळ्यांसाठी. द्रव्य तेच, प्रमाण कमी: डोळ्यांच्या बाटलीत 0.05 टक्के. व्हायझिनच्या जाहिराती ‘लाली घालवते’ एवढेच सांगत. त्या शब्दाला त्या जागल्या, यापलीकडे त्यांचे कौतुक करता येत नाही. डोळा बरा होतो असा दावा नव्हता आणि गिऱ्हाइकालाही तो नको होता. रात्रभर अभ्यास केलेला विद्यार्थी, दारू पिऊन आलेला कारकून, गांजा ओढलेला तरुण, सगळ्यांची अडचण एकच होती: समोरच्याला कळता कामा नये.

1988 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या थेंबांसाठी अंतिम नियम काढला. डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकायला चार द्रव्ये मान्य झाली: इफेड्रिन 0.123 टक्के, फेनिलेफ्रिन 0.08 ते 0.2 टक्के, नॅफॅझोलिन 0.01 ते 0.03 टक्के आणि टेट्राहायड्रोझोलिन 0.01 ते 0.05 टक्के. शेल्फावर डझनभर नावे दिसली तरी आत फिरून फिरून हीच मंडळी. काचबिंदू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये, अतिवापराने लाली वाढू शकते आणि 72 तासांत बरे न वाटल्यास थांबून डॉक्टरकडे जावे, हे बाटलीवर छापणे सक्तीचे झाले.

चौघांत डावे-उजवे करायचे तर फेनिलेफ्रिन मला सर्वांत मागे ठेवावेसे वाटते. बाहुली मोठी करण्यासाठी नेत्रतज्ज्ञ हेच द्रव्य 2.5 किंवा 10 टक्क्यांत घालतात. कमी प्रमाणातही बाहुली थोडी पसरू शकते, आणि अरुंद कोनाच्या डोळ्यात तेवढ्यानेही दाब अचानक चढण्याचा धोका असतो. इफेड्रिनच्या बाटल्या आता फारशा दिसत नाहीत. उरतात नॅफॅझोलिन आणि टेट्राहायड्रोझोलिन. डोळा पांढरा करण्यात नॅफॅझोलिन थोडे सरस ठरल्याचे बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ एबलसन यांनी 1980 च्या सुमारास दाखवले. त्यांच्याच 1984 च्या अभ्यासात या औषधांचा परिणाम रोजच्या वापराने बोथट होत जातो असे दिसले, पण थोड्या दिवसांच्या वापरात औषध उतरल्यावर वाढणारी उलटी लाली दिसली नाही. कंपन्यांना ही दुसरी ओळ आवडली असणार. मग 1997 मध्ये अमेरिकेतूनच अशा 70 रुग्णांची नोंद आली, ज्यांचे डोळे या थेंबांमुळेच लाल राहत होते. त्यातले कित्येक जण वर्षानुवर्षे थेंब घालत होते. बाटली बंद केल्यावर डोळे निवळायला काही आठवडे आणि काहींना काही महिने लागले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिला दहा दिवसांचा हिशेब आहे, दुसरा सवयीचा.

असे का होते, याचा सुगावा 1948 मध्येच लागला होता. अ‍ॅड्रेनलिन पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर) काम करते ते दोन जातींचे असतात, अल्फा आणि बीटा, असे औषधशास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी मांडले. पुढे अल्फाचेही दोन पोटभेद निघाले. जुने थेंब मुख्यतः अल्फा-1 वर काम करून लहान धमन्या आवळतात, म्हणजे ऊतीला होणारा रक्ताचा पुरवठाच तोडतात. औषध उतरले की उपाशी राहिलेली ऊती जास्त रक्त ओढून घेते. अल्फा-2 वर काम करणारे द्रव्य मुख्यतः लहान शिरा आवळते आणि पुरवठा बराचसा चालू राहतो.

असे द्रव्य मिळाले तेही नाकाच्याच वाटेने. 1960 च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतल्या बोरिंगर इंगलहाइम कंपनीत नाकासाठी नवे इमिडाझोलिन तयार झाले. सर्दी झालेल्या एका सेक्रेटरीच्या नाकात कंपनीच्या डॉक्टरने त्याचे पातळ द्रावण घातले. बाई जवळपास दिवसभर झोपून राहिल्या, नाडी मंदावली, रक्तदाब उतरला. ते द्रव्य क्लोनिडिन. नाकाला त्याचा उपयोग झाला नाही, पण रक्तदाबावरचे औषध म्हणून जगभर गेले. त्याच्या चुलत घराण्यातल्या ब्रिमोनिडिनला 1996 मध्ये अमेरिकेत काचबिंदूसाठी मान्यता मिळाली, 2013 मध्ये चेहऱ्याच्या लालीवरच्या जेलसाठी आणि डिसेंबर 2017 मध्ये, अवघ्या 0.025 टक्के प्रमाणात, डोळ्यांच्या लालीसाठी. बॉश अँड लॉम्बचे ‘ल्युमिफाय’ ते हेच. मिनिटाभरात काम सुरू होते, आठ तासांपर्यंत टिकते आणि चाचण्यांत उलट्या लालीचे प्रमाण कमी दिसले. चिठ्ठीविना मिळणाऱ्या थेंबांत आज निवड करायची तर ती हीच. पण त्याच्यावरही ‘लाली घालवते’ याहून अधिक काही लिहिलेले नाही.

सेक्रेटरीबाईंची झोप हा गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. बाळाच्या पोटात या घराण्यातले द्रव्य गेले तर त्यात गंमत उरत नाही. डोळ्यात घातलेल्या थेंबातले औषध रक्तात थोडेच जाते. गिळलेले मेंदूपर्यंत जाते आणि नाडी, श्वास, शुद्ध सगळे मंदावते. 2012 मध्ये अमेरिकी प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की लहान मुलाच्या पोटात एक-दोन मिलिलिटर गेले तरी गंभीर परिणाम होऊ शकतो. 15 मिलिलिटरच्या बाटलीत टेट्राहायड्रोझोलिन असते साडेसात मिलिग्रॅम. कोणाच्या पेयात हे थेंब घालून पोट बिघडवायची थट्टा चित्रपटांनी रुजवली. प्रत्यक्षात त्याने जुलाब होत नाहीत, माणूस कोसळतो. त्याने मृत्यू घडल्याचे खटलेही अमेरिकेत चालले आहेत.

आपल्याकडे चित्र थोडे वेगळे आहे. आपल्या औषध कायद्यात चिठ्ठीविना विकायच्या औषधांची अशी स्वतंत्र अनुसूचीच नाही. दुकानात मिळते ते बहुधा नॅफॅझोलिन, आणि एकटे क्वचितच. सोबत क्लोरफेनिरामिन, झिंक सल्फेट, कधी मेंथॉल, कधी कापूर. थंड लागले की गुण आला, असे आपल्याला वाटते आणि बनवणाऱ्यांना ते ठाऊक असते. याहून मोठा धोका मात्र दुसराच आहे. ‘डोळा लाल झालाय’ म्हणून काउंटरवर सांगितले, की पुष्कळदा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली हातात येते. स्टेरॉइडने लाली झकास जाते, म्हणून माणूस तीच बाटली महिनोन्महिने वापरतो, आणि दाब वाढून दृष्टी गेल्यावर नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचतो. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, तेव्हाही अशा बाटल्या घरोघर फिरल्या. विषाणूने आलेले डोळे बहुतेक वेळा आपणहून बरे होतात. त्यांना ना नॅफॅझोलिनची गरज असते, ना स्टेरॉइडची.

लग्नकार्य आहे, मुलाखत आहे, फोटो काढायचा आहे, अशा एखाद्या दिवशी लाली घालवणारा थेंब घालायला माझी हरकत नाही. बाटलीवर द्रव्याचे नाव वाचावे, कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच थेंब घालावा, तीन दिवसांपुढे जाऊ नये आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. डोळा लाल असून दुखत असेल, नजर धूसर झाली असेल, उजेड सहन होत नसेल, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल, तर मात्र दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.