फवारा कुठे सोडायचा? येलहंक्याच्या थंडरबोल्टची गोष्ट

बेंगळुरूत टर्बोच्या गाड्यांना मेथॅनॉलचा फवारा बसवणारी तरुण मंडळी आहेत. त्यांचा एक वाद कधी संपत नाही: नॉझल टर्बोच्या आधी लावायचा, इंटरकूलरच्या आधी, की त्याच्यानंतर? या प्रश्नाचे एक उत्तर याच शहराच्या उत्तरेला, येलहंक्याच्या धावपट्टीवर १९४४ सालीच उभे होते.

त्या वर्षी ब्रिटिश हवाई दलाने हरिकेन उडवणाऱ्या स्क्वाड्रन येलहंक्याला आणून अमेरिकन थंडरबोल्ट विमानांवर तयार केल्या. सप्टेंबर १९४४ पासून ही विमाने ब्रह्मदेशात लढू लागली. मार्च १९४५ मध्ये मंडालेच्या किल्ल्यावर त्यांनी बॉम्ब टाकले. लोकमान्यांच्या तुरुंगवासामुळे आपल्याला माहीत असलेले तेच मंडाले. खाली चिखलात अडकलेल्या पायदळाला शत्रूच्या मोर्च्यावर अचूक मारा हवा असे, आणि तो करून वैमानिकाला जिवंत वर निघता यायला हवे. त्या क्षणी इंजिनाची ताकद म्हणजे माणसाचा जीव.

थंडरबोल्टचे इंजिन १८ सिलिंडरचे, साधारण २,००० अश्वशक्तीचे. टर्बो मात्र इंजिनाजवळ नव्हता, तो पार शेपटाकडे. हवा मागे जाई, टर्बोत दाबली जाऊन तापे, इंटरकूलरमध्ये थंड होई आणि लांब नळ्यांतून पुन्हा पुढे येई. तिथे कार्ब्युरेटर आणि त्यामागे इंजिनानेच फिरवलेला दुसरा कॉम्प्रेसर. पाणी आणि मेथॅनॉलचे मिश्रण सोडले जाई ते या शेवटच्या टप्प्यावर.

हीच जागा का? इंटरकूलरच्या आधी पाणी सोडले तर हवा तिथेच थंड होते आणि इंटरकूलरला काम उरत नाही. नंतर सोडले तर दोघांचाही फायदा पदरात पडतो. शिवाय दुसऱ्या कॉम्प्रेसरचे चाक थेंब फोडून मिसळते, त्यामुळे १८ सिलिंडरांना वाटा बराचसा सारखा मिळतो. एकाच सिलिंडरला कोरडे ठेवले, तर नॉकिंग तिथूनच सुरू होते.

ट्यूनिंगची खरी हुशारी पुढे आहे. एरवी जास्त दाबाखाली नॉकिंग टाळायला ज्यादा पेट्रोल ओतावे लागते. पाणी सुरू झाले की कार्ब्युरेटर ते ज्यादा पेट्रोल आपोआप कमी करी आणि बूस्ट वाढवता येई. ताकद सुमारे २,३०० अश्वशक्तीवर जाई, पण एका वेळी पाचच मिनिटे. पाणी संपले की मिश्रण आपोआप पुन्हा गडद होई.

आता याच शहराचे दुसरे उदाहरण. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली. पुढे एचएएल झालेल्या याच कारखान्यात ॲव्रो विमानाची रोल्स-रॉइस डार्ट इंजिने परवान्याखाली बनली. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. उन्हाळ्यात हवा आणखी विरळ. अशा वेळी पूर्ण भार घेऊन उडायला डार्टलाही पाणी-मेथॅनॉल लागे, पण ते सोडत थेट कॉम्प्रेसरच्या तोंडाशी. तिथे हवा थंड होऊन जास्त वजनाची हवा आत जाई. पाण्यामुळे उतरलेले टर्बाइनचे तापमान मेथॅनॉल जळून भरून काढी.

मग गाडीतही टर्बोच्या तोंडाशीच का सोडू नये? डार्टचा कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे १५,००० फेरे घेतो. गाडीचा छोटा टर्बो लाखाच्या वर जातो. त्या वेगात मोठा थेंब पात्याची धार खातो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी थंडरबोल्टचा धडा जास्त उपयोगी: फवारा इंटरकूलरनंतर, मिसळायला पुरेसे अंतर ठेवून.

त्याहून महत्त्वाचा धडा म्हणजे परतीची वाट. टाकी रिकामी झाली, नॉझल तुंबला, तर बूस्ट आणि इग्निशनचे टायमिंग आपोआप मागे आले पाहिजे. नाहीतर पिस्टन गेलाच म्हणून समजा. आणि मेथॅनॉल विष आहे, डोळे जातात, जीवही जातो. बाटलीवर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. फौजेत कुमक पाठवताना आधी विचारतात: ती संपली तर काय करणार? नॉझलला भोक पाडण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. जय हिंद.