मुळशीचे सत्याग्रही ‘पर्यावरणवादी’ होते का?

संशोधनाचा विषय ठरवताना बरेच जण ‘लोक पर्यावरण कार्यकर्ते का होतात?’ असा प्रश्न घेऊन येतात. प्रश्न चांगला आहे. पण तो तसाच उचलून इतिहासात नेला की गडबड होते. मुळशीचंच उदाहरण घ्या.

पुण्याजवळ नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी टाटा कंपनीने धरण बांधायला घेतलं. वीज मुंबईला जाणार होती आणि मावळातली भातशेती, गावं पाण्याखाली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.

आता बघा, यात कोण कशासाठी उतरलं? मावळ्यांची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. त्यात ‘पर्यावरण’ कुठेच नाही, पोट आहे. सेनापती बापट तर मूळचे पारनेरचे. विलायतेत असताना बॉम्बची विद्या मिळवलेला हा माणूस स्वराज्याच्या ध्यासाने मुळशीत आला. आणि ज्यांच्या नावावर बऱ्याच जमिनी होत्या ते पुण्याचे सावकार? त्यांना चांगला मोबदला मिळाला तरी चालणार होतं. जमीन कसणाऱ्याला मात्र जमीनच हवी होती. फूट पडली ती इथे. लढा १९२४पर्यंत ओसरला आणि धरण उभं राहिलं.

म्हणून ‘प्रेरणा काय?’ असं एकवचनात विचारू नका. कोण आलं, त्याचं काय जाणार होतं, आणि तो कधी बाजूला झाला, हे वेगवेगळं विचारा. माणूस लढा का सोडतो, यावरून तो आला कशासाठी होता तेही बऱ्याचदा कळतं.

आणखी एक गोष्ट. या लढ्यावर विनायकराव भुस्कुट्यांसारख्या पुढाऱ्यांनी लिहून ठेवलंय. ज्यांची शेतं बुडाली त्यांचं स्वतःच्या हातचं लिखाण शोधायला जाल तर हाती फारसं लागत नाही. म्हणजे मावळ्यांची प्रेरणा आपण वाचतो ती बहुतेक वेळा पुढाऱ्यांच्या शब्दांत. तुमच्या प्रबंधात ‘लोकांना असं वाटत होतं’ हे वाक्य आलं, की तिथेच थांबून विचारा: हे सांगतंय कोण?