जन्मनोंदीतला रक्तदाब

१/८
खडकीच्या लढाईची तारीख, ५ नोव्हेंबर १८१७, आपल्याला पाठ असते. कारण तिची पत्रे आणि दप्तरे उपलब्ध आहेत. शरीराचा इतिहास मात्र कोणत्या कागदांवरून लिहावा? खडकीपासून काही किलोमीटरवर, रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात, तो जन्मनोंदींवरून लिहिला गेला.

२/८
आधी पार्श्वभूमी. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. १९३६ मध्ये हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवले की काही मधुमेहींचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी हा इन्सुलिन-प्रतिरोध, रक्तातील बिघडलेली मेदद्रव्ये आणि वाढलेला रक्तदाब यांना एकत्र गुंफून ‘सिंड्रोम एक्स’ हे नाव दिले.

३/८
यांचा परस्परसंबंध काय? स्नायू दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते. मूत्रपिंड मात्र त्याला दाद देतच राहते आणि मीठ धरून ठेवते. अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होते. मेदपेशींतून येणारे लेप्टिन तिला आणखी चेतवते. रक्तदाब किंचित चढतो. लक्षण काहीच जाणवत नाही.

४/८
१९८९ मध्ये डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्याच्या जुन्या जन्मनोंदी तपासल्या. कमी वजनाने जन्मलेल्यांत पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. प्रौढांच्या आजाराचे मूळ गर्भावस्थेत शोधण्याची दिशा मिळाली.

५/८
पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न मुलांबाबत विचारला. के.ई.एम.मध्ये जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली. निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मवजन जितके कमी, तितका वरचा रक्तदाब आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन अधिक, असा कल दिसला. इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता तो जन्मतः लहान, पण आठव्या वर्षी अंगात चरबी जास्त असलेल्या मुलांत.

६/८
१९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू कमी, पण चरबी तुलनेने टिकून राहिलेली. पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात वजनाच्या मानाने इन्सुलिन व लेप्टिनही अधिक आढळले. ‘बारीक पण मेदयुक्त’ भारतीय बाळ ही संकल्पना इथूनच रूढ झाली.

७/८
मर्यादाही ध्यानात घ्यावी. हा संबंध समूहात दिसतो; एकट्याच्या जन्मवजनावरून त्याचे भवितव्य सांगता येत नाही. आनुवंशिकता, आहारातील मीठ, पुढे वाढलेले वजन आणि व्यायामाचा अभाव हीही कारणे आहेतच.

८/८
तरीही या संशोधनाने दोषारोपाची सोपी पद्धत मोडीत काढली. किंचित वाढलेल्या रक्तदाबाचे खापर केवळ रुग्णाच्या आळसावर फोडता येत नाही. त्याच्या आईच्या ताटात काय होते, गरोदरपणी तिला किती कष्ट उपसावे लागले, हेही विचारावे लागते. मुलींच्या पोषणाचा प्रश्न असा थेट पुढच्या पिढीच्या रक्तदाबापर्यंत पोहोचतो. घरातल्या जुन्या कागदांत स्वतःची जन्मनोंद सापडली, तर ती जपून ठेवा. तोही इतिहासाचा दस्तऐवज आहे.