हेल्मेट आणि सायकलमार्ग: एकाच दशकातल्या दोन वाटा

१८८०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत उंच चाकाच्या सायकलींचे वेड पसरले. पुढचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे मोठे, आणि ते खड्ड्यात अडले की स्वार थेट डोक्यावर आपटे. त्यावर काहींनी वसाहतींतल्या साहेबांची सोला हॅट घालून पाहिली. सायकलच्या हेल्मेटचा मूळपुरुष तो. पुढे सारख्या आकाराच्या दोन चाकांची बुटकी सायकल आली, स्वस्त झाली, कामगारांच्या आणि शाळकरी मुलांच्या हाती गेली. चामडी पट्ट्यांची शिरस्त्राणे शर्यतींपुरती उरली. बाजाराला, कारखान्याला निघालेला माणूस उघड्या डोक्यानेच जात राहिला.

वाटेची वंशावळही त्याच दशकातली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात मालीबान या झाडीच्या रस्त्यालगत १८८५ मध्ये सायकलींसाठी वेगळा पट्टा झाला. तिथून आपण १९३४ च्या लंडनमध्ये आलो, तर वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा सायकलमार्गाचे उद्‌घाटन करताना दिसतात आणि १८७८ पासूनचा सायकलस्वारांचा क्लब त्याला विरोध करताना. वेगळा मार्ग दिला की मूळ रस्त्यावरचा हक्क जाईल, ही क्लबची धास्ती. ती मला अनाठायी वाटत नाही. मात्र पुढे मोटारी वाढल्या आणि कागदावर शाबूत राहिलेला हक्क बजावायला रस्त्यावर सायकलस्वारच फारसे उरले नाहीत.

हॉलंडातही तेच घडत होते, हे आज विसरले जाते. १९५० नंतर तिथे सायकली झपाट्याने घटल्या, शहरे मोटारींसाठी फोडली गेली. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यांतली एक मुलगी फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची. १९७२ मध्ये त्याने ‘दे टाइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला, आणि ‘बालहत्या थांबवा’ हे त्याचे शीर्षकच चळवळीचे नाव झाले. आईबापांनी रस्ते अडवले, मुलांसह ठाण मांडले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, रविवारी मोटारी बंद झाल्या आणि मोकळ्या रस्त्यांवर लोक पुन्हा सायकली घेऊन उतरले. सरकारी पैशातून टिलबर्ग आणि हेग इथे प्रायोगिक मार्ग झाले. मग डेल्फ्टने धडा घेतला की एखादा सुंदर मार्ग पुरत नाही. घरापासून शाळेपर्यंत न तुटणारे जाळे लागते. या सगळ्या मागोव्यात मला सर्वांत मोलाचे वळण वाटते ते हेच. त्या आईबापांनी मुलांच्या डोक्यावर काही चढवण्याची मागणी केली नव्हती. त्यांनी मोटारींचा वेग आणि वाट बदलायला लावली.

हेल्मेटचा पुनर्जन्म झाला अमेरिकेत. १९७५ मध्ये ‘बेल’ कंपनीने कठीण कवचाच्या आत थर्माकोलसारखा फोम घालून खास सायकलचे हेल्मेट बाजारात आणले. पडल्यावर तो फोम दबतो आणि आघात सोसतो. डोक्याच्या इजा त्याने खरोखर कमी होतात. १ जुलै १९९० रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने ते सर्व सायकलस्वारांना सक्तीचे केले. सक्तीनंतर मेलबर्नमधले किशोरवयीन सायकलस्वार लक्षणीय घटले. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकली सुरू करताना अशी सक्ती मागे घेतली.

आता आपण पुण्यात येतो. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून त्याची ख्याती होती. इथे कायद्याची हेल्मेटसक्ती मोटारसायकलींना आहे, सायकलींना नाही. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. पण झालेले मार्ग मध्येच पार्किंगखाली, हातगाड्यांखाली गडप होतात आणि शाळेचे मूल पुन्हा बसच्या चाकाशेजारी येते. कोणी स्वेच्छेने हेल्मेट घातले तर उत्तमच. त्या मुलाचे महापालिकेकडे असलेले पहिले देणे मात्र त्याच्या शाळेच्या फाटकापर्यंत अखंड पोचणारा मार्ग हेच आहे, आणि ते अजून थकलेले आहे.